नांगर कुठला घ्यायचा?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हाच वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्याकडून एक काम करून घ्यायचं आहे.

मागच्या महिन्यात आमच्या इथल्या एका मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. "गुरुजी, यंदा आपण नेहमीसारखे गुणगौरव वगैरे करत नाही. काहीतरी वेगळं करू. नर्मदाकाठावर जे लोक सेवा करतात ना, बोटीवाले, अंगणवाडीच्या ताई, आशा, त्यांना एक पदक द्यायचं. स्मृतिपदक. १० जणांना. मानपत्राचा मजकूर तुम्ही लिहा आणि नावं पण तुम्हीच काढा. तुमची त्या भागात नोकरी झालीय."

मी हो म्हटलं. निवृत्त मास्तरला कोणी काम सांगितलं की तो हो म्हणतोच.

दोन दिवसांनी पदकाचं डिझाइन व्हॉट्सअॅपवर आलं. मंडळातल्या कॉम्प्युटरवाल्या पोरानं कुठूनतरी शोधून काढलेलं. तीन शिडांचं मोठं जहाज, मागे लाटा, वर उगवता सूर्य आणि खाली नांगर. मी फोन केला. म्हटलं, "अरे, हा नांगर कशाला?" तो म्हणाला, "सर, पाण्यातल्या पदकावर नांगर असतोच." म्हटलं, "आपल्या नंदुरबारात नांगर म्हटल्यावर लोक शेतातला समजतील." तो हसला. म्हणाला, "मग दोन्ही टाकू का?"

हसण्यावारी गेलं. पण रात्री मी विचार करत बसलो. कारण ज्यांना हे पदक द्यायचं, त्यांच्या आयुष्यात खरंच दोन्ही नांगर आले. आधी शेतातला होता. शेत पाण्याखाली गेलं, मग होडी आली.

जिल्ह्याबाहेरच्या मित्रांना हे सांगावं लागतं. नंदुरबार म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर सातपुडा येतो, मिरची येते, तोरणमाळ येतं. पाणी येत नाही. पण महाराष्ट्राला नर्मदेचा काठ लागतो तो फक्त आपल्या जिल्ह्यात, अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांच्या उत्तरेला. सरदार सरोवराच्या बुडिताची राज्यातली ३३ गावं तिथलीच. धरणाची भिंत टप्प्याटप्प्यानं वाढत १३८.६८ मीटरला गेली, १७ सप्टेंबर २०१७ ला धरणाचं लोकार्पण झालं आणि २०१९ च्या सप्टेंबरात ते पहिल्यांदा काठोकाठ भरलं. नदी होती तिथे तलाव झाला. टेकड्यांची बेटं झाली. ज्या पाड्यावर पूर्वी ओढा ओलांडून पायी जात होतो, तिथे आता होडीशिवाय जाता येत नाही.

कागदावर तर आपण चांगलेच दर्यावर्दी आहोत. २०१६ च्या कायद्यानं देशातले १११ जलमार्ग राष्ट्रीय म्हणून जाहीर झाले, त्यात नर्मदा आहे. राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ७३. धडगावच्या चौकात उभं राहून कोणाला सांगून बघा, "दादा, तुमच्या गावाखालून राष्ट्रीय जलमार्ग जातो." तो विचारेल, "मग बोट कधी येते?"

आता माझी गोष्ट सांगतो. ही मी आजवर घरातसुद्धा सांगितलेली नाही.

२०१४ ची विधानसभा निवडणूक. अक्कलकुवा म्हणजे राज्यातला विधानसभेचा १ नंबरचा मतदारसंघ. माझी ड्युटी काठावरच्या एका गावात लागली. धडगावपासून जीपनं खाली उतरलो, पुढे बोट. मतदान यंत्राची पेटी प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळलेली. आम्हा कर्मचाऱ्यांना भगव्या रंगाची लाइफ जॅकेटं दिलेली. माझ्या जॅकेटचा एक बंद तुटका होता, तो मी गाठ मारून बांधला. पोहता मला येत नाही. आम्ही तळोदा-शहाद्याकडची माणसं, आमची पाण्याशी ओळख विहिरीपुरती.

मतदान चांगलं झालं. परत येताना बोट सुटायच्या वेळी एक बाई लेकराला घेऊन काठावर आली. लेकरू दीड-दोन वर्षांचं असेल, अंगात ताप. तिला मोलगीच्या दवाखान्यात जायचं होतं. बोटवाला आमच्याकडे बघायला लागला. साहेब म्हणाले, "घे रे, बसू दे." ती माझ्यासमोर बसली, अगदी पाण्याकडच्या बाजूला.

तासाभराचा प्रवास असेल. संध्याकाळचा वारा सुटला होता. बोट डुलायला लागली की माझा हात आपोआप छातीवरच्या गाठीवर जायचा. समोर ती बाई लेकराला पोटाशी धरून शांत बसलेली. त्या बोटीत यंत्राला प्लास्टिक होतं. आम्हाला जॅकेटं होती. तिच्याकडे आणि तिच्या लेकराकडे काहीच नव्हतं.

मी माझं जॅकेट काढून दिलं नाही.

कोणी तसं सांगितलं नव्हतं, कोणी अडवलंही नव्हतं. मला भीती वाटत होती, एवढंच. किनाऱ्यावर उतरल्यावर मी तिला ५० रुपये दिले आणि स्वतःचं समाधान करून घेतलं. लेकराचं पुढे काय झालं ते विचारलं नाही.

२०१९ च्या संक्रांतीला, १५ जानेवारीला, भूषा गावाजवळ बोट उलटल्याची बातमी आली तेव्हा मी पहिल्यांदा ती बाई आठवली. नर्मदेच्या पूजेला निघालेली माणसं होती. बोटीत झेपत नव्हती इतकी माणसं बसली होती. लहान मुलांसह काही जणांचा जीव गेला. त्या रात्री आमच्या घरातले तीळगूळ तसेच डब्यात राहिले. बरेच लोक वाचले, हेही खरं. पाण्यात माणसं वाचतात ती आपोआप वाचत नाहीत. कोणीतरी हात दिलेला असतो. त्या हातांची नोंद कुठल्या रजिस्टरला होते?

मग आलं कोरोनाचं साल. तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. अक्कलकुवा तालुक्यातल्या चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांचा होडी वल्हवतानाचा फोटो देशभर गेला. लॉकडाऊनमुळे आणि आजाराच्या भीतीनं दोन पाड्यांवरच्या आया मुलांना घेऊन अंगणवाडीत यायच्या थांबल्या. तर या बाईंनी मासेमारी करणाऱ्याकडून छोटी होडी मागून घेतली आणि स्वतः वल्हं मारत तिकडे जायला सुरुवात केली. २०२० च्या एप्रिलपासून. रोजचे १८ किलोमीटर. २५ लहान बाळं आणि कुपोषित मुलं, ७ गरोदर बाया. वजन घ्यायचं, आहार पोचवायचा, कोणाचं बाळ सुस्तावलंय का बघायचं. सकाळी अंगणवाडीचं काम उरकून दुपारनंतर होडीत. घरी स्वतःची दोन लहान मुलं.

मीसुद्धा तो फोटो फॉरवर्ड केला होता. खाली लिहिलं होतं, "आमच्या जिल्ह्याची वाघीण! सलाम!" सोबत तीन हात जोडलेले. दोनशेच्या वर लाइक आले. आता ती पोस्ट वाचतो तेव्हा एक गोष्ट खटकते. मी सलाम केला, पण तिच्याकडे जॅकेट आहे का, होडी स्वतःची का मागून आणलेली, हे लिहिलंच नाही. ती चांगली पोहते, असं बातमीत होतं. त्यावर आपण सगळे निश्चिंत झालो.

मानपत्र लिहायला बसलो आणि म्हटलं, आधी बघू तर खरं, जगात पाण्यातल्या सेवेसाठी पदकं कशी देतात. नातवानं मोबाइलवर शोधून दिलं. त्यातल्या दोन गोष्टी तुम्हाला सांगतो.

पहिली १८३८ सालची, इंग्लंडची. ग्रेस डार्लिंग नावाची २२ वर्षांची मुलगी, दीपगृहाच्या राखणदाराची लेक. ७ सप्टेंबरच्या पहाटे वादळात एक आगबोट खडकावर फुटली. खडकावर नऊ माणसं जिवंत होती. ही पोरगी बापासोबत वल्ह्याची होडी घेऊन गेली. पहिल्या खेपेला पाच माणसं आणली, दुसऱ्या खेपेला बाप उरलेल्यांना घेऊन आला. जहाजबुडीतून लोकांना वाचवण्यासाठी १८२४ साली तिथे एक संस्था निघाली होती. तिनं बापलेकीला चांदीची पदकं दिली. पोरगी एका रात्रीत प्रसिद्ध झाली. चित्रकार तिचं चित्र काढायला रांग लावून आले, लोक आठवण म्हणून तिच्या केसांची बट मागायला लागले. चार वर्षांनी, २६ व्या वर्षी ती क्षयानं गेली. पदकानं तिला काही वाचवलं नाही. पण त्या संस्थेनं नुसती पदकं वाटली नाहीत. लोकवर्गणीतून किनाऱ्यावर जीवरक्षक होड्या उभ्या केल्या. आज तिची २०० हून जास्त केंद्रं आहेत. ग्रेसची ती होडी तर अजून संग्रहालयात जपून ठेवलीय.

दुसरी गोष्ट आपल्या देशातली, अलीकडची. कॅप्टन राधिका मेनन. जून २०१५ मध्ये बंगालच्या उपसागरात 'दुर्गम्मा' नावाची मासेमारीची बोट खवळलेल्या समुद्रात भरकटली होती. मेनन बाईंच्या 'संपूर्ण स्वराज्य' या तेलवाहू जहाजानं त्यातल्या सातही जणांना वाचवलं. २०१६ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं त्यांना समुद्रावरच्या असामान्य शौर्याचा पुरस्कार दिला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच बाई.

आणि सरकारचं आपलं पदक कोणतं? जीवन रक्षा पदक. १९६१ पासून आहे. सर्वोत्तम, उत्तम आणि साधं, असे तीन वर्ग. बुडणाऱ्याला, आगीत किंवा दरडीत सापडलेल्याला जो स्वतःच्या जिवाची पर्वा न करता वाचवतो, त्याला ते मिळतं. बाई असो की पुरुष, कुठल्याही थरातला असो. राज्य सरकारनं शिफारस करून केंद्राकडे पाठवायची असते. त्या पदकावर काय कोरलंय माहीत आहे? अभय देणारा हात आणि वर दोन शब्द, 'मा भैषी'. म्हणजे भिऊ नकोस.

हे वाचलं आणि मला २०१४ ची बोट आठवली. 'भिऊ नकोस' असं त्या लेकराला कोणीतरी म्हणायला पाहिजे होतं. म्हणू शकला असता असा माणूस समोरच बसला होता, गाठीवर हात ठेवून.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ही सगळी पदकं एका प्रसंगाची आहेत. वादळ आलं, माणूस बुडत होता, कोणीतरी उडी टाकली. त्या उडीला पदक. ते योग्यच आहे, ती उडी सोपी नसते. पण आमच्या काठावरचं काम तसं नाही. तिथे रोज कोणी बुडत नसतं. तिथे मूल हळूहळू सुकतं. वजन ९०० ग्रॅमनं कमी भरतं, पुढच्या महिन्यात आणखी कमी, मग तीव्र कुपोषणाच्या यादीत नाव जातं. बाळंतीण रात्री कण्हते आणि झोळीतून, म्हणजे आपण ज्याला 'बांबूलन्स' म्हणून हसतो त्यातून, तिला काठापर्यंत आणावं लागतं. तिथे बुडण्याआधीच हात द्यावा लागतो. आणि वेळेवर हात दिला की काही घडतच नाही. बातमी होत नाही. पंचनामा होत नाही. जे मूल मेलं नाही त्याची शिफारस कोण पाठवणार?

म्हणून मला वाटलं, आपल्या मंडळाची कल्पना वाटते तितकी हलकी नाही. फक्त नीट केली पाहिजे.

नावं काढायला मी गेल्या पंधरवड्यात काठावर गेलो. माझा एक जुना विद्यार्थी तिकडे आरोग्य सेवक आहे, त्याच्या गाडीवर मागे बसून गेलो. घाट उतरता उतरता कमरेचा पार खुळखुळा झाला. तिथे एका अंगणवाडी ताईंकडे थांबलो. नाव लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. कुडाच्या भिंती, आत वजनकाटा, भिंतीला मुलांच्या वजनाचे तक्ते. अमृत आहाराचं जेवण शिजत होतं. त्यांनी मला भाकरी आणि उडदाची डाळ वाढली.

मी जाताना मनात ठरवून गेलो होतो. पदक-बिदक सगळं ढोंग आहे, त्यापेक्षा लाइफ जॅकेटं द्यावीत, असं मी त्यांच्या तोंडून वदवून घेणार होतो आणि इथे येऊन मंडळाला चार शब्द सुनावणार होतो. मी म्हटलं, "ताई, तुम्हाला पदक देणार आहेत. काय उपयोग त्याचा? त्यापेक्षा बोटीत घालायचं जॅकेट दिलं तर?"

त्या डाळ घोटत होत्या. म्हणाल्या, "गुरुजी, जॅकेट तर पाहिजेच. ते काय विचारायचं? पण पदक का नको?"

मी गप्प.

"आमच्याकडे नावाचा कागद कुठे राहतो? सासऱ्याचं नाव कुठल्या यादीत होतं, कुठल्या नव्हतं. एक यादी आली, मग दुसरी आली. गाव पाण्यात गेलं तर गावाचं नाव पण जातं. वसाहतीत गेलेल्यांच्या गावाला आता नवीन नाव आहे. पदकावर नाव असतं ना? माझं नाव टाका. आणि आमच्या गावाचं नाव टाका, जुनं. माझी पोरगी दाखवेल ना कोणाला तरी."

मग थोडं थांबून हसत म्हणाल्या, "पण गुरुजी, गळ्यात घालून बोटीत बसायचं नाही हो. जड असलं तर बुडेन."

आम्ही तिघंही हसलो. माझा विद्यार्थी जास्तच हसला, कारण त्यानं शाळेत माझ्याकडून बराच मार खाल्लाय आणि गुरुजींची बोलती बंद झालेली त्याला पहिल्यांदा बघायला मिळाली.

मंडळी, चूक माझी होती. आपण शहरातली माणसं दोन टोकांना असतो. एकतर शाल-श्रीफळ देऊन मोकळे होतो, नाहीतर शाल-श्रीफळाची टिंगल करून मोकळे होतो. मान हवा की साधन, हा प्रश्न फक्त आपल्याला पडतो, कारण आपल्याकडे दोन्ही आहेत. तिला दोन्ही हवं आहे आणि तिचा दोन्हींवर हक्क आहे. मानधनावर काम करणाऱ्या बाईला आपण मान पण मोजून देतो आणि धन पण.

परत आलो आणि मंडळाच्या बैठकीत अंदाजपत्रक मागितलं. जसं मिळालं तसं देतो.

मंडप, स्टेज, साऊंड: ३०,००० रुपये.
जेवण: २५,०००.
पाहुण्यांचा प्रवास आणि सत्कार: १२,०००.
फ्लेक्स: ८,०००.
शाल-श्रीफळ: ५,५००.
पदकं, १० नग, डबीसह, ४५० प्रमाणे: ४,५००.
एकूण ८५,०००.

बघा नीट. ज्याच्या नावानं सगळा कार्यक्रम, ते पदक यादीत सगळ्यात स्वस्त आहे. म्हणजे भांडण पदक आणि जॅकेट यांच्यात नाहीच. भांडण आहे मंडप आणि जॅकेट यांच्यात. मी दुकानात विचारलं, बऱ्यापैकी जॅकेट ११०० रुपयांच्या आसपास पडतं. मंडप आणि जेवण काढलं तर ५५,००० रुपये वाचतात. ५० जॅकेटं. पदकं ठरली तशीच द्यायची, उलट थोडी बरी द्यायची.

मी बैठकीत चार गोष्टी मांडल्या.

एक, पदकावरून ते तीन शिडांचं जहाज काढा. आपल्याकडे जी होडी चालते ती काढा. लहान, लाकडी, एक वल्हं.

दोन, पदकाच्या मागे माणसाचं पूर्ण नाव आणि त्याच्या मूळ गावाचं नाव कोरा. गाव बुडालं असलं तरी. बुडालं असलं तर नक्कीच.

तीन, कार्यक्रम शहरात नको, काठावर घ्या. ज्यांना पदक द्यायचं त्यांचा दिवस मोडून, दोन गाड्या बदलून, त्यांना इथे आणून दुपारी ३ पर्यंत पाहुण्यांची वाट बघायला लावायचं, हा सत्कार नव्हे.

चार, ५० जॅकेटांपैकी निदान २० लहान मुलांच्या मापाची घ्या. मोठ्या माणसाचं जॅकेट लेकराला घालून चालत नाही, पाण्यात पडलं की ते डोक्यावरून निसटतं. मुलांची जॅकेटं वजनाप्रमाणे येतात. दुकानदार मला म्हणाला, "सर, मुलांची वजनं कळली तर बरोबर साइज देता येईल."

मला तिथेच ताईंच्या भिंतीवरचे तक्ते आठवले. नर्मदाकाठच्या प्रत्येक लेकराचं वजन लिहिलेलं आहे. दर महिन्याला लिहितात. वल्हं मारत जाऊन लिहितात. सगळ्या जिल्ह्यात एवढी चोख यादी दुसऱ्या कोणाकडे नसेल. आपण आजवर ते रजिस्टर फक्त कुपोषणाचे आकडे काढायला उघडलं.

अध्यक्षांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही, पण म्हणाले, "गुरुजी, काठावर प्रमुख पाहुणे येतील का?" कोणीतरी म्हणालं, "मंडप नसेल तर फोटो कसे येतील?" कॉम्प्युटरवाला पोरगा मात्र माझ्या बाजूनं बोलला. म्हणाला, "होडीचं चित्र मी स्वतः काढतो, पण मला एकदा खरी होडी बघायला न्या." नंदुरबारात जन्मलेला पोरगा, २३ वर्षांचा, त्यानं नर्मदा पाहिलेली नाही. त्याला काय बोलणार? आपल्यापैकी कितीजणांनी पाहिलीय?

निर्णय रविवारच्या बैठकीत आहे. काय होईल सांगता येत नाही.

हे सगळं करून सरकारची जबाबदारी संपत नाही, हेही स्पष्ट लिहितो, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी विचारेल. ५० जॅकेटांनी काठ भागत नाही. इंजिनाची बोट, तिला डिझेल, बोटीवर किती माणसं बसवायची याची तपासणी, वेळेवर येणारा पाण्यावरचा दवाखाना, पक्का धक्का, ही कामं मंडळाची नाहीत, सरकारची आहेत. ती मागत राहायचीच. निवडणुकीच्या पेटीला जर वेळेवर बोट मिळते, तर बाळंतिणीला का मिळू नये, हा प्रश्न प्रत्येक आमसभेत विचारायचा. आणि काठावर कोणी कोणाला बुडताना वाचवलं असेल, तर त्याचं नाव जीवन रक्षा पदकासाठी पाठवायचा अर्ज करायचा. अर्ज लिहायला मी आहे. अक्षर अजून चांगलं आहे.

आता तुमचं काम. नर्मदाकाठच्या ज्या माणसांनी तुम्हाला, तुमच्या घरच्यांना कधी पार नेलं, औषध पोचवलं, पाण्यातून काढलं, त्यांचं नाव आणि गाव मला मेसेजमध्ये पाठवा. उघड कमेंटमध्ये नको, आधी त्यांना विचारा. ड्युटीवर गेलेले शिक्षक, तलाठी, आरोग्यवाले मित्र, तुम्ही तर नक्की पाठवा. आपल्याला त्या पाण्यावरून कोणी नेलं ते आपल्याला माहीत आहे.

आणि जॅकेटांसाठी कोणाला पैसे द्यायचे असतील तर आत्ता देऊ नका. रविवारी काय ठरतं ते इथेच लिहीन, मग बघू. मंडळानं नाही म्हटलं तरी एक जॅकेट मी माझ्या पेन्शनीतून घेतलंय. लहान साइजचं आहे, दीड-दोन वर्षांच्या लेकराला बसेल असं. ज्या लेकरासाठी ते घ्यायला हवं होतं, ते जगलं असेल तर आता बारा-तेरा वर्षांचं असेल. त्याला ते होणार नाही. पण त्या बोटीत तेवढं दुसरं कोणीतरी रोज बसतंच.

#नंदुरबार #नर्मदाकाठ